पं. डेरेक हॉब्सन

डेरेक हॉब्सनने दारापुढचा बर्फ फावड्याने काढायचं सोडलं, तेव्हा विलासरावांना खरी काळजी लागली. टोरांटोजवळच्या व्हिटबीत इतकी वर्षं शेजारी राहून ह्या माणसाचा ड्राइव्ह-वे त्यांनी कधी पांढरा पाहिला नव्हता.

डेरेक मूळचा इंग्लंडचा. तिथल्या लहानसहान क्लबांकडून बचावफळीत खेळत त्याने गुडघे झिजवले, मग टोरांटोला येऊन टीव्हीवर सामन्यांची चिरफाड करायला बसला. असल्या माजी खेळाडूंना इंग्रजीत 'पंडित' म्हणतात. शब्द आपलाच, तिकडे नोकरीला लागलेला. पण गेल्या उन्हाळ्यात चॅनेलने डेरेकला नारळ दिला आणि त्याच्या खुर्चीत एक चकचकीत तरुण आणून बसवला. तेव्हापासून डेरेकने फुटबॉलचं नावच टाकलं. शनिवारी सकाळी विलासरावांच्या बेसमेंटमध्ये दोघं मॅच बघत, तेही बंद झालं. एकट्याने बघितलेली मॅच विलासरावांना अळणी लागे.

म्हणून त्यांनी तिथल्या मराठी मंडळाच्या सेक्रेटरीला, माधवीला, फोन केला. आमचे शेजारी पंडित आहेत, इंग्लिश गृहस्थ, संक्रांतीला बोलवू या, असं सांगितलं. माधवी हायवेवर होती, पण हरखून गेली. पुढचं सगळं मी बघते म्हणाली. तिने व्हॉट्सअ‍ॅपवर जे काही पाठवलं, ते विलासरावांनी नेहमीप्रमाणे उघडलं नाही.

डेरेक आढेवेढे घेत तयार झाला. लोक जांभया द्यायला लागले की मला घरी सोडायचं, एवढी एकच अट.

हॉलच्या दाराशी पोस्टर होतं: 'पं. डेरेक हॉब्सन'. आत स्टेजवर गादी, तक्क्या, तानपुरा आणि हात पुसत बसलेला तबलजी. पहिल्या रांगेत शाल पांघरून बळवंतराव देवस्थळी, गाणं म्हटलं की पार दूरच्या रेजिना शहरापर्यंत जाणारे. माधवीने 'पंडित' म्हणजे गवई धरला होता, हे विलासरावांच्या आता लक्षात आलं. आज डेरेकचं हसं झालं असतं, तर तो पुन्हा घराबाहेर पडला नसता.

कोट टांगायच्या खोलीत त्यांनी सरळ सगळं सांगून टाकलं. दारातून दिसणारं पोस्टर त्यांनी डेरेकला वाचून दाखवलं. आपल्या नावाआधीचं ते छोटं अक्षर कसलं, असं त्याने विचारलं.

"जन्मभर एकच विद्या केली, की लोक ते लावतात," विलासराव म्हणाले.

"आणि काढतं कोण?"

"ते कुणालाच काढता येत नाही, डेरेक."

डेरेकने कोट खुंटीला लावला.

माधवीने माइकवर लालबुंद होऊन खुलासा केला. मागे कुणीतरी फिस्सकन हसलं. पांढऱ्याशुभ्र गादीवर डेरेक दुखरे गुडघे कसेबसे दुमडून बसला. तेवढ्यात बळवंतराव उठले. आता हे काहीतरी खवचट बोलणार, म्हणून विलासरावांनी डोळे मिटले.

"ठीक आहे. गुरू कोण आपले?" बळवंतरावांनी इंग्रजीत विचारलं.

टीव्हीवरच्या सगळ्या वर्षांत डेरेकला हे कुणी विचारलं नव्हतं. तो थांबत थांबत सांगू लागला. आल्फ पिकरिंग म्हणून एक म्हातारा होता. अंधार पडेपर्यंत भिंतीवर डाव्या पायाने चेंडू मारायला लावायचा आणि एकदाही शाबास म्हणायचा नाही.

"मग बरोबर," बळवंतराव म्हणाले, "पण गुरूचं नाव असं नाही घ्यायचं." त्यांनी स्वतःच्या कानाच्या पाळीला बोटं लावून दाखवली.

डेरेकने पाळीला हात लावला. "आल्फ पिकरिंग," तो म्हणाला. हॉलमध्ये आता कुणी हसत नव्हतं.

मग तो बोलण्यात असा रंगला, की तिळगूळ वाटायचं राहून गेलं. त्याने आयुष्यातल्या एकुलत्या एका गोलचं वर्णन केलं तेव्हा तबलजीला राहवलं नाही, त्याने ठेका धरला, आणि बळवंतरावांनी चक्क दाद दिली.

शनिवारी सकाळी विलासरावांनी पडदा सारला. दोन्ही ड्राइव्ह-वे स्वच्छ होते आणि डेरेक बूट झटकत दारात उभा होता. बेसमेंटमध्ये मॅच लागली. मध्यंतराला तो चकचकीत तरुण पडद्यावर आला. चॅनेल बदलावं म्हणून विलासरावांनी रिमोट उचलला, पण डेरेकने त्यांचा हात धरला आणि शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"पोरगं बरोबर बोलतंय," तो म्हणाला. "आल्फ पिकरिंगही हेच सांगायचा."

बोलता बोलता त्याची बोटं कानाच्या पाळीला लागली होती.