वजनावर घेतलेलं कार्ड

मी एक जुना संगणक आहे. मित्रांनो, मला पाहायचं असेल तर सोलापूरच्या नवी पेठेतल्या एका टॉवेल-चादरींच्या दुकानात या आणि मान वर करा. माळ्यावर, रंग उतरलेल्या टॉवेलांच्या गठ्ठ्यामागे माझी काळी पेटी दिसेल. तिच्या एका बाजूचं झाकण नीट बसत नाही. ते का बसत नाही, तेवढंच मला सांगायचं आहे.

माझा जन्म एका जागी झाला नाही. माझा मेंदू एका देशातला, पंखा दुसऱ्या देशातला, पत्र्याची पेटी आणखी तिसरीकडची. दोन गल्ल्या सोडून अभिमन्यूचं संगणकाचं दुकान आहे. त्याने हे सगळं टेबलावर मांडलं, जोडलं आणि मी चालू झालो. मला वीज वाटून देणारा एक डबा आहे, त्याला पॉवर सप्लाय म्हणतात. तो पेटीबरोबरच आला होता. त्याच्यावर छापलेला आकडा मोठा होता, पण ताकद त्याहून बरीच कमी होती. स्वस्तातल्या डब्यांचं बहुतेक असंच असतं. माझं काम हलकं होतं, म्हणून हे कुणाच्या ध्यानात आलं नाही.

मला घेतलं कल्लप्पांनी. मैंदर्गीहून येऊन त्यांनी हे दुकान उभं केलं होतं. दुकानामागच्या खोलीत त्यांनी मला टेबलावर बसवलं आणि माझ्यावर एक चांगला जाड टॉवेल पांघरला. धूळ बसू नये म्हणून. माझ्या पाठीची जाळी त्या टॉवेलाखाली झाकली जायची आणि गरम हवा आतच कोंडायची. प्रेमाने गुदमरणं म्हणजे काय, ते मला पहिल्याच आठवड्यात कळलं.

तो टॉवेल काढला धनलक्ष्मीने. ती कल्लप्पांची धाकटी मुलगी. तेव्हा ती कॉलेजात होती. तिने माझ्या पाठीमागे तळहात धरला, हवा कुठून येते ते पाहिलं आणि टॉवेल घडी घालून कपाटात ठेवला. पुढे दुकानाची बिलं झाली की ती माझ्यासमोर बसू लागली. चादरीवरची नक्षी आधी चौकोनांत काढावी लागते. उभा-आडवा धागा जिथे एकमेकांना ओलांडतो, तिथे एक चौकोन. ती एकेक चौकोन भरत जायची. तिने पहिल्यांदा काढलं ते ज्वारीचं कणीस. मागावरून ती चादर विणून आली, तेव्हा कल्लप्पा गिऱ्हाइकांना माझ्याकडे बोट दाखवून सांगायचे, "हे आमच्या कॉम्प्युटरनं काढलंय बगा." मी फक्त चौकोन दाखवले होते. कणीस तिच्या डोक्यातलं होतं. तिचं नाव मात्र कुणी घेतलं नाही.

वर्षं गेली. कल्लप्पा शेताकडे लक्ष द्यायला मैंदर्गीला परतले आणि दुकान मोठ्या मुलाच्या, मंजुनाथच्या हाती आलं. मंजुनाथ वाईट माणूस नाही. टॉवेल हातावर तोलून त्याचं वजन तो जवळजवळ ग्रॅममध्ये सांगतो. नवी पेठेत याबद्दल त्याला मान आहे. आमच्या धंद्यात जड टॉवेल म्हणजे जास्त सूत, आणि जास्त सूत म्हणजे चांगला माल. त्याचा हात आजवर चुकला नव्हता. म्हणूनच त्याला वाटायचं, की जगातली कुठलीही वस्तू हातावर तोलली की कळते.

मागच्या वर्षी पावसाळा सरता सरता धनलक्ष्मीला पुण्याच्या एका कंपनीचा मेल आला. त्यांना तिच्या नक्षी आवडल्या होत्या. पण नुसती सपाट नक्षी नको होती. तिची चादर पलंगावर पसरलेली, घड्या पडलेली, वाऱ्याने हललेली दिसेल अशी छोटी फिल्म संगणकावर बनवून पाठवायची होती. ती पसंत पडली तर नोकरी. दिवाळीच्या आधी पाठवायची होती. तिने ते नवं सॉफ्टवेअर माझ्यात घातलं, पण ते उघडेना. वेगळं ग्राफिक्स कार्ड लागेल, असा निरोप माझ्या पडद्यावर आला. चित्रांची गणितं करणारं ते वेगळं अंग माझ्याकडे कधी नव्हतंच.

त्यानंतर तिने जे केलं, ते माझ्या आयुष्यात तेवढं एकदाच घडलं. तिने माझं झाकण उघडलं आणि मला विचारलं. म्हणजे तोंडाने नाही. शिवणाची टेप आत घालून तिने मोकळी जागा मोजली. पेटीची लांबी नव्हे, तर मागच्या पट्टीपासून हार्ड डिस्कच्या पिंजऱ्यापर्यंतची आतली जागा. कार्डाची खाच कोणती आहे ते पाहिलं. मग पॉवर सप्लायच्या वायरी एकेक करून चाचपल्या. मोठ्या कार्डाला वीज द्यायची वेगळी वायर त्यात नाही, हे तिला कळलं. डब्यावरचा आकडा वाचून ती स्वतःशीच म्हणाली, "एवढं आता ह्याच्यात नसणार." मला फार बरं वाटलं. माझ्याबद्दल इतकं खरं आजवर कुणी बोललं नव्हतं.

तिने एक कार्ड ठरवलं. आखूड, एकाच पंख्याचं, खाचेतूनच मिळेल तेवढ्या विजेवर भागवणारं. काम सावकाश झालं असतं, पण झालं असतं. पैसे तिच्या नक्षीच्या कमाईचे होते.

"मी जाऊन आणते," ती म्हणाली.

"तू नको जाऊ," मंजुनाथ म्हणाला. "दसऱ्याला मी आणतो की. मुहूर्तावर घिऊ."

"अण्णा, नाव फोनवर पाठवलंय. तेच आण."

"हां गं. मला काय वाचता येत न्हाय का?"

खंडेनवमीला माझी पूजा झाली. या घरात अवजारांना विभूती लावतात. तराजूला, कात्रीला, मला. माझ्या कपाळावर विभूतीचे तीन पट्टे, मध्ये कुंकू, वर झेंडूचं फूल. एकदा पूजा झाली की दसरा उतरेपर्यंत अवजार जागचं हलवायचं नाही, असा यांचा शिरस्ता.

दसऱ्याच्या दुपारी मंजुनाथ आला तो हातात केवढा तरी खोका घेऊन. दुकानात काय झालं, ते तो आईला, शिवम्मांना, उत्साहाने सांगू लागला आणि मला ते त्यातूनच कळलं.

"अभिमन्यू म्हणला, पेटी घिऊन या, आत बगून सांगतो. म्हणलं, पूजा झालीया, आज हलवायचं न्हाय. मग म्हणला, ताईंनी सांगितलेलंच न्या. त्यानं ते काढून दिलं. अव्वा, हातात घेतलं तर काय! खेळणं नुसतं. पापडाएवढं वजन. शेजारी हे होतं. हे बग, धरून बग."

शिवम्मांनी दोन्ही हातांनी धरलं. "लई जड हाय की रे."

"तेच म्हणतोय. जड हाय म्हणजे आत कायतरी हाय. वरचे पैसे मी घातले. बहिणीला हलका माल देऊ व्हय?"

खरंच सांगतो, हे तो मनापासून म्हणाला. सगळ्यात वाईट तेच होतं.

धनलक्ष्मी बाहेरून आली तोवर खोका फुटला होता. कार्ड पाटावर ठेवलेलं होतं. तीन पंखे, आणि त्यातल्या मधल्या पंख्यावर विभूतीची तीन बोटं, कुंकू, वर चार अक्षता. ती दारातच थांबली.

"अण्णा, हे कुठलं?"

"त्याच्याहून भारी."

"हे ह्याच्यात बसत नाही. जागा नाही. वीज द्यायला वायर नाही."

"मावतंय की. पेटी केवढी हाय बग."

"पेटी बाहेरून बघू नको. आणि टॉवेल वजनावर घेतात अण्णा, हे नाही घेत. ते वजन पंख्यांचं आहे, आतल्या धातूच्या पट्ट्यांचं आहे. तापतं म्हणून एवढा धातू लावलाय. जेवढं जड, तेवढी जास्त वीज खाणार."

"खाणारा बैलच काम करतोय," मंजुनाथ हसत म्हणाला.

"पण गोठ्यात चारा किती आहे ते तर बघायचं."

"धना," शिवम्मा म्हणाल्या, "सणाच्या दिवशी त्यानं हौसेनं आणलंय. सुम्मनिरु." गप्प राहायचं असलं की त्या कानडीत सांगायच्या.

दुसऱ्या दिवशी ती कार्ड घेऊन अभिमन्यूकडे गेली आणि तसंच घेऊन परत आली. तो बिचारा म्हणाला होता, "ताई, नुसता खोका फोडला असता तर मी कायतरी केलं असतं. पण पंख्यात राख आणि कुंकू हाय. विभूती लावलेलं कार्ड मी दुसऱ्याला नवं म्हणून कसं देऊ?"

"मग पॉवर सप्लाय तरी बदलू," ती घरी येऊन म्हणाली.

"आता आणि एक?" मंजुनाथ वैतागला. "आधी हे चालवून तर बग. तुझं सगळं आधीच न्हाय म्हणून सुरू हुतंय."

त्याने ओळखीच्या मागावरचा फिटर बोलावला. युवराज त्याचं नाव. मागाची दुरुस्ती तो चांगली करतो, पण मी माग नाही. त्याने कार्ड आत घालून पाहिलं. ते हार्ड डिस्कच्या पिंजऱ्याला अडलं. बरोबर तिने मोजलं होतं तिथेच.

"एवढंच व्हय?" तो म्हणाला आणि त्याने पिंजऱ्याचा पत्रा कटरने कापला. हार्ड डिस्क तळाशी आडवी टाकली. दोन जुन्या वायरींची टोकं सोलून कार्डाच्या वायरीला पिळली, वर काळी टेप गुंडाळली. कार्डाचं टोक पिंजऱ्याच्या उरलेल्या पत्र्याला घासत राहिलं आणि झाकण फुगलं.

बटण मंजुनाथने दाबलं. तिन्ही पंखे फिरले, निळे-जांभळे दिवे लागले, थोडी विभूती खोलीभर उडाली.

"लागलं का न्हाय?" मंजुनाथ म्हणाला. "उगं भीती घालतीया." त्याने युवराजला पेढा दिला, बहिणीला दिला, एक माझ्यासमोरही ठेवला.

धनलक्ष्मीने पेढा हातातच धरून ठेवला. तारीख जवळ आली होती आणि तिच्याकडे दुसरा संगणक नव्हता. ती कामाला बसली.

सॉफ्टवेअर उघडलं. ज्वारीच्या कणसांची तिची चादर पहिल्यांदा पलंगावर पसरलेली मी पाहिली. खिडकीतून ऊन येत होतं, काठ हलत होता. ती पुढे झुकून पाहत राहिली. इतकं सुंदर काही माझ्या पडद्यावर कधी आलं नव्हतं, हे मला मान्य आहे. तो भारी पाहुणा नालायक नव्हता. योग्य घरी गेला असता तर नावाजला गेला असता.

फिल्म तयार करायचं बटण तिने दाबलं आणि कार्डाने वीज ओढायला सुरुवात केली. पॉवर सप्लायजवळ होती तेवढी त्याने दिली. कार्डाला आणखी हवी होती. मला बोलता येत नाही, मित्रांनो. माझ्याकडे एकच भाषा आहे, पंखा. मी तो जीव तोडून फिरवला. धनलक्ष्मीला ती भाषा येत होती. तिने माझ्या पाठीमागे तळहात धरला आणि झटकन मागे घेतला.

"अण्णा, बंद करते हे. जळणार."

"आवाज येणारच की, काम करायलंय," बाहेरून उत्तर आलं.

तिने तरीही बंद करायला हात पुढे केला. तो पोचायच्या आत डब्यात फट्‌ असा आवाज झाला. जळक्या प्लास्टिकचा वास आला. पडद्यावरची चादर गेली. डब्याने जाता जाता माझा मुख्य बोर्ड नेला आणि तळाशी आडवी पडलेली हार्ड डिस्कही. जुन्या नक्षी तिने पेन ड्राइव्हवर ठेवल्या होत्या. फिल्म मात्र कुठेच नव्हती.

अभिमन्यू येऊन मला पाहून गेला. "ताई, माझ्या दुकानात एक मशीन मोकळं हाय. तितं बसून करा की," तो म्हणाला. ती लगेच चप्पल घालायला उठली.

"दिवाळीची गर्दी हाय," मंजुनाथ म्हणाला. "काउंटरला कोण बसणार? आणि लोकांच्या दुकानात बसून काम करायला आपल्या पोरीला काय कमी हाय? सण झाल्यावर तुला नवीन घिऊन देतो."

"सण झाल्यावर त्यांची मुदत संपते."

"दुसरी कंपनी बगू."

तिने शिवम्मांकडे पाहिलं. शिवम्मा टॉवेलाच्या घड्या घालत होत्या. त्यांनी मान वर केली नाही. धनलक्ष्मीने चप्पल काढली.

मुदत संपल्याचा मेल तिला काउंटरवर, टॉवेल तोलताना आला. फोन पालथा ठेवून तिने तराजूवरचा आकडा गिऱ्हाइकाला सांगितला. मंजुनाथ सगळ्यांना सांगायचा, "कॉम्प्युटरच जुनाट होता हो. एवढं भारी कार्ड त्याला झेपलं न्हाय." बोलणं खोटंही नव्हतं. न झेपणारं माझ्यात कुणी घातलं, तेवढंच त्यात नसायचं. कार्ड धडधाकट होतं. मंजुनाथच्या मित्राच्या मुलाने खेळ खेळायला ते नेलं. मला माळ्यावर टाकलं. सण झाल्यावर नवीन संगणक आला तो बिलांपुरता, आणि तो काउंटरवर मंजुनाथजवळ असतो.

यंदा पुन्हा खंडेनवमी आली. तराजू पुसला, कात्री पुसली, नवा संगणक पुसला. शिवम्मांना माझी आठवण झाली. "धना, ते जुनं बी खाली काढ गं. लई वर्षं राबलंय. त्याला बी विभूती लावू."

धनलक्ष्मी शिडीवरून वर आली. तिने माझ्यावरची धूळ तळव्याने पुसली, ते फुगलेलं झाकण बाजूला केलं आणि कापलेल्या पत्र्याच्या काठावरून बोट फिरवलं.

"नको अव्वा," ती वरूनच म्हणाली. "ह्याची पूजा तेव्हा पण झाली होती."

तिने झाकण जमेल तेवढं बसवलं आणि ती उतरून गेली.

मित्रांनो, तुमच्या घरीही माझ्यासारखं कुणीतरी राबत असेल. त्याला फूल वाहिलं नाही तरी चालेल, पेढा तर नकोच. त्याला काही नवं जोडण्याआधी एकदा झाकण उघडा, आत जागा किती आणि ताकद किती ते बघा. आणि आत बघणारं माणूस घरात असेल तर त्याचं ऐका. मी तर पत्र्याचा आहे. माझ्यातलं जळलेलं उद्या भंगारात जाईल. तिचं काय जळलं, ते या घरात अजून कुणी उघडून पाहिलेलं नाही.

खाली दुकान उघडलं आहे. मंजुनाथ एका गिऱ्हाइकाच्या हातावर टॉवेल ठेवतो आहे. "बोलू नका, नुसतं वजन बगा," तो म्हणतो, आणि शेजारी बसलेली धनलक्ष्मी तराजूकडे न पाहताच, वर्षभरात पाठ झालेला आकडा सांगते.