तेल येईपर्यंत

संसार म्हणजे एकमेकांचं मन न बोलता ओळखणं, असं थोर लोक सांगून गेले आहेत. मिस्त्री आणि त्याची बायको या कसोटीला पुरेपूर उतरत. तो बॉनेटमध्ये डोकं घालून 'हं' म्हणे, ती स्टीअरिंगमागे बसून किल्ली फिरवी. तो 'बस' म्हणे, ती सोडी. थोर लोकांना याहून जास्त काही अभिप्रेत असेल, तर त्यांनी ते लिहून ठेवायला हवं होतं.

"अगं, येतेस का? सेल्फ मारायचाय."

"आले. कांदा परतायला टाकलाय, तेवढा गॅस बंद करते."

घर आणि गॅरेज यांच्या मधलं दार कधीच नीट लागलं नाही. त्यामुळे घरात डिझेलचा वास असे आणि गॅरेजात कांद्याचा. दोघांनाही आता दोन्ही वास येईनासे झाले होते.

गाडी दातांच्या डॉक्टरांची होती. तिचा टर्बो, म्हणजे इंजिनात जोरानं हवा भरणारा पंखा, जळाला होता. मिस्त्रीनं नवा बसवला होता आणि आता त्याला तेल पोचवणारी करंगळीएवढी नळी तो जोडत होता. डॉक्टर पालथ्या डब्यावर बसून, रोग्याचे नातेवाईक विचारतात त्या सुरात म्हणाले, "पण मिस्त्री, झालं कशानं?"

"आधीच्या मेकॅनिकनं नळीच्या तोंडाला पेस्ट फासली होती. गळू नये म्हणून. पेस्टचा गोळा आत गेला, भोक बुजलं."

"पण गळत तर नव्हती कधी."

"गळायला तेल यायला लागतं, डॉक्टर."

"आमच्याकडेही तसंच आहे," डॉक्टर म्हणाले. "दुखायचं थांबलं की लोक खूश. दात मेलेला असतो."

नळीचं एक टोक मिस्त्रीनं तांब्याचे नवे वॉशर घालून आवळलं. दुसरं सुटं ठेवून त्याखाली वाटी धरली, आणि डॉक्टरांच्याच दवाखान्यातल्या सिरिंजनं टर्बोच्या तोंडात थोडं तेल सोडलं.

"सरळ चालूच करा की. येईल तेल आपोआप."

"येईल, पण येईपर्यंत हा कोरडा फिरेल. मग किती जगेल ते सांगता येत नाही. आधी इंजिन पेटू न देता नुसतं फिरवायचं. तेल इथवर आलं की मग पेटवायचं."

ती येऊन ड्रायव्हरच्या जागी बसली. गल्लीत तिला 'मिस्त्रीचा सेल्फ' म्हणत. बॅटरी उतरली तरी चालणारा. त्या जागी ती शेकडो गाड्यांत बसली होती आणि एकही गाडी तिच्या हातून जागची हलली नव्हती. शिकायची हौस दांडगी होती. शिकाऊ परवाना दोनदा काढला, दोन्ही वेळा शिकायला सुरुवात व्हायच्या आत मुदत संपली. मिस्त्रीचा विरोध नव्हता. एक गाडी नवी कोरी, दुसरीचा ब्रेक जड, तिसरीचा मालक खवट. म्हणून तो "पुढच्या गाडीला" म्हणे. यात लबाडी नव्हती. पुढची गाडी खरोखरच येत असे.

ही गाडी मात्र शेवटची होती. जागा विकली गेली होती. सोमवारी कुलूप-किल्ली नव्या मालकाच्या हवाली करून दोघं मुलाकडे तिसऱ्या मजल्यावर राहायला जाणार होती. "इथं गाडीची गरजच पडत नाही, बाबा," असं मुलानं आनंदानं सांगितलं होतं.

"हं."

इंजिन घरघरलं. नळीतून आधी हवा आली, मग बुडबुडे.

"बस. परत, हं."

आता तेलाची धार आली, बारीक, सलग. मिस्त्रीनं दुसरं टोक आवळलं, इंजिन पेटू नये म्हणून काढून ठेवलेला कनेक्टर लावला आणि मान हलवली. तिनं गाडी चालू केली. टर्बो बारीक शीळ घालू लागला. मिस्त्री टॉर्च धरून जोडावर टपून बसला.

"अहो," ती खिडकीतून म्हणाली, "मागच्या बंद कारखान्याच्या आवारात एक फेरी मारू का मी?"

"मारा की, वहिनी!" डॉक्टर म्हणाले. "विमा आहे!"

मिस्त्रीनं नळीवरून फडकं फिरवलं. कोरडं. पुन्हा फिरवलं. "पुढच्या गाडीला," तो म्हणाला.

"बरं," ती म्हणाली, आणि उतरून कांद्याकडे गेली.

फडकं आणखी एकदा नळीवरून फिरलं. मग हात जागच्या जागी थांबला.

"म्हणजे मीच नेऊ?" डॉक्टर गाडीत शिरले आणि त्यांचा गुडघा स्टीअरिंगवर आदळला. "आई गं! वहिनींनी सीट पुढे घेतलीय वाटतं. आणि हा आरसा! मला मागची सीटच दिसतेय." त्यांनी सीट खाडकन मागे ढकलली, आरसा वर केला.

लोकांची सीट हलवू नये म्हणून ती नेहमी काठावर टेकून बसे. आणि किल्ली फिरवायला आरसा लागत नाही.

गाडी फाटकाबाहेर निघाली तसा मिस्त्री धावला. त्यानं डिकीवर थाप मारली. डॉक्टरांनी घाबरून काच खाली केली.

"गळतंय का?"

"नाही."

"मग?"

आत कांदा पुन्हा चुरचुरू लागला होता. तिची पाठ दाराकडे होती. काम एका वाक्याचं होतं.

"थांबवल्यावर इंजिन लगेच बंद करू नका," मिस्त्री म्हणाला. "मिनिटभर चालू ठेवा."

"सांगितलंत की सकाळी," डॉक्टर म्हणाले आणि गेले.

तो आत आला तेव्हा तिनं वळून न बघता विचारलं, "काय राहिलं होतं?"

"काही नाही."

"मग हात धुवा."

त्यानं धुतले. साबण बराच वेळ चोळला.

नळी शेवटपर्यंत गळली नाही. डॉक्टरांनी महिन्याभरात गाडी विकली. त्यांना ऑटोमॅटिक हवी होती.