दवाखान्यात चालणारी मासळी

"माझ्या मासळीला नाय म्हणणारा अजून जन्माला आला नाय," असं मंजुळानं बोईसरच्या बाजारात भर गिऱ्हाइकांपुढे सांगितलं आणि हातातलं ताजं बोईट बगळ्याच्या चोचीत सारलं. बगळ्यानं ते क्षणभर धरलं. मान वाकडी केली, डोळा मिटला, आणि ते बोईट त्याला धरून उभ्या असलेल्या मारुती डॉक्टरांच्या शर्टाच्या खिशात ओकून टाकलं.

 मग कोपऱ्यातला एक रिक्षावाला म्हणाला, "मौसी, पंछी भी नहीं खाता."

दवाखान्यातला बगळा गिऱ्हाइकांना दाखवायला बाजारात आणायची कल्पना मंजुळाचीच. मारुती डॉक्टर गुरांची सरकारी नोकरी सोडून आलेला माणूस. सरावलीत कामगारांच्या खोल्यांमागे एका गळक्या पत्र्याच्या शेडमध्ये तो जखमी, आजारी पाखरं, तारेला चिकटलेली माकडं, बसखाली आलेली धामण असले पेशंट बघायचा. फी कोण देणार? धामण? त्या पेशंटांना रोज टोपलीभर मासळी मंजुळा फुकट द्यायची, आणि त्या बदल्यात डॉक्टरनं तिच्या पाटाच्या वर फळी ठोकून दिली होती: 'दवाखान्यात चालते ती मासळी.' कुठल्या दवाखान्यात ते फळीवर नव्हतं. पॉवर हाऊसच्या कॉलनीतल्या बायका बाळंतिणीसाठी म्हणून रिक्षा करून यायच्या. मंजुळानं कधी कुणाचा गैरसमज दूर केला नाही. धंद्याच्या माणसानं ते करायचंही नसतं.

आता एका बगळ्यानं सगळ्यावर पाणी फिरवलं. मंजुळानं आधी बगळ्याला शिव्या घातल्या, मग डॉक्टरला.

डॉक्टरनं खिशातलं बोईट काढून हुंगलं. "मंजुळाबाई, याला वास येतोय. रॉकेलसारखा."

"तुमच्या खिशाला येत असंल."

पण घरी जाऊन तिनं तेच बोईट कालवणात टाकलं आणि नवऱ्यापुढे ठेवलं. महादू म्हणजे लग्न झाल्यापासून पुढ्यात येईल ते मुकाट गिळणारा माणूस. त्यानं पहिला घास खाल्ला आणि ताट सरकवलं.

"याला साबनाची चव हाय."

"तू साबन कवा खाल्लास?"

"आता."

सकाळी ओहोटीला मंजुळा खाडीवर गेली. गेलं वर्षभर ती बाजारात फळीखाली बसलेली. खाडीवर महादू जायचा, आणि महादू काही सांगत नसे. कारखान्याकडून आलेला जाडजूड प्लास्टिकचा पाइप कोळीवाड्याच्या कडेनं, बोंबील वाळत घातलेल्या दोऱ्यांच्या शेजारून येऊन खाडीत तोंड खुपसून होता, आणि त्यातून लग्नाच्या शेल्यासारखं गुलाबी पाणी येत होतं. चिखल गुलाबी. खेकडे गुलाबी. आणि पाण्याच्या कडेला बगळे उभे होते, कुणी गुडघ्यापर्यंत गुलाबी, कुणी पोटापर्यंत, एकदोन तर चोचीपासून शेपटीपर्यंत नवरीसारखे.

"तुला हे दिसलं नाय?" तिनं महादूला विचारलं.

"दिसलं. मना वाटलं कसला तरी सण असंल त्यांचा."

मंजुळाच्या कानशिलात आग पेटली. टोपली होती, पाट होता, बाजारात बसायची जागा होती. पण मासळीला साबणाची चव असली तर तिथं बसून काय माशा मारायच्या? पाइप बंद झाला तर धंदा, नाही तर टोपली उपडी घालायची. इतकं साधं होतं. ती तशीच पदर खोचून रंगाच्या कारखान्यात गेली.

कारखान्याचे मॅनेजर खंडेराव साताऱ्याकडचे. अतिशय सभ्य. एवढे सभ्य, की त्यांच्याशी भांडायला गेलेला माणूस चहा पिऊन परत यायचा.

"बसा ताई. पाणी आम्ही स्वच्छ करूनच सोडतो."

"मंग प्या."

"काय?"

तिनं काखेतली बाटली टेबलावर ठेवली. बाटलीत पाइपाचं पाणी होतं, सरबतासारखं. "स्वच्छ हाय ना? प्या."

"मी चहा घेतो," खंडेराव म्हणाले. "तुम्हीही घ्या."

"मी तुमचा चहा पिऊ? तुमच्या नळाला कुठलं पाणी येतं ते मना काय म्हाईत?"

खंडेरावांनी तिचं सगळं नीट ऐकून घेतलं. पाखरांच्या दवाखान्याचंही ऐकलं. ते ऐकताना मात्र त्यांचा चेहरा उजळला, आणि तो का उजळला ते मंजुळाला आठवड्यानं कळलं. कारखान्यानं दवाखान्याला नवं छप्पर आणि पिंजरे द्यायचं ठरवलं होतं. ज्याच्या पाण्यानं पेशंट आजारी पडायचे, त्याच्याच पत्र्याखाली ते बरे होणार होते. पिंजऱ्यांना रंगही कारखान्याचाच. उद्घाटनाला मुंबईहून साहेब येणार होते, तेही कुठले, तर कारखान्यांचं पाणी तपासणाऱ्या खात्यातले.

मंजुळा दवाखान्यात आली तर डॉक्टर शिडी धरून उभा. "त्याचं छप्पर घेतलात?"

"गळत होतं, मंजुळाबाई."

"आनी माझी मासळी? ती कुठं गळाली?"

 डॉक्टरनं शिडी दोन्ही हातांनी धरली.

"साहेबाला खरं सांगायचं," मंजुळा म्हणाली. "पाखरं कशानं मरतात ते. नाय सांगितलंत तर मी हाय."

उद्घाटनाच्या दिवशी मंडप, माईक, गुलाबाचे हार. मंजुळा आणि तिची जाऊ चंद्रकांता सगळ्यात पुढे येऊन बसल्या. दोघींच्या मांडीवर एकेक झाकलेली टोपली. शेजारच्या बायका नाकाला पदर लावून दोन खुर्च्या सरकल्या.

खंडेरावांचं भाषण झालं. डॉक्टर माईकपाशी उभा राहिला, वर नव्या छपराकडे बघितलं आणि म्हणाला, "आम्ही आभारी आहोत." आणि बसला.

"मेल्याची जीभ पत्र्याला चिकटली," चंद्रकांता म्हणाली.

मंजुळा उठली आणि टोपल्यांची झाकणं काढली. दोन गुलाबी बगळे पंख झाडत टेबलावर चढले. एक हारांवर बसला, दुसरा साहेबांच्या फायलीवर.

साहेब हरखले. "फ्लेमिंगो? इथे? खंडेराव, हे तुम्ही सांगितलंच नाही."

"जागा मानवली त्यांना, साहेब," खंडेराव म्हणाले. सभ्य माणूस कशालाच नाही म्हणत नाही.

"बगळे हायत ते," मंजुळा म्हणाली. "आमच्या खाडीतले. यांच्या पाइपानं रंगवले." तिनं रॉकेलचा बोळा काढला, हारावरचा बगळा काखेत दाबला आणि त्याचा पंख घासायला लागली. रंग निघेना. तिनं जोर लावला. बगळ्यानं तिच्या नाकावर चोच मारली. मंडपात लोक हसले, आणि मंजुळाच्या डोळ्यांत संतापानं पाणी आलं.

खंडेराव पुढे वाकले. आयुष्य गेलं होतं त्यांचं रंग विकण्यात. समोर कुणीतरी त्यांच्या मालाला रॉकेल लावतंय हे त्यांना सहन झालं नाही.

"ताई, उगाच हात दुखवू नका," ते माईकवरच म्हणाले. "आमचा रंग आहे तो. उकळत्या पाण्यातसुद्धा जात नाही."

सगळा मंडप खंडेरावांकडे बघायला लागला. खंडेराव स्वतःकडे बघायला लागले.

"म्हणजे पाणी तुमचंच?" साहेब म्हणाले.

"तसं अगदी म्हणता येणार नाही."

"तुमीच म्हनलात," चंद्रकांता म्हणाली. "हितं बसलेल्या सगळ्यांनी ऐकलं. बगळ्यानं पन ऐकलं."

साहेब उभे राहिले. बगळ्याखालून फाइल ओढून घेतली आणि खणखणीत आवाजात सांगितलं की हा प्रकार गंभीर आहे, खपवून घेतला जाणार नाही, आणि आठ दिवसांत बंद केला जाईल. टाळ्या झाल्या. मंजुळानं सगळ्या कोळीवाड्याला पेढे वाटले. महादूनं तीन खाल्ले आणि चांगले आहेत म्हणाला, तेव्हा घरातले सगळे त्याच्याकडे बघत राहिले.

आठव्या दिवशी सरकारी जीप आली. मंजुळा दारातच उभी होती. "पाइप तिकडं हाय," तिनं बोट दाखवलं.

"पाइपाचं आम्हाला काही माहीत नाही, मावशी," उतरलेला माणूस म्हणाला. "आम्ही बोर्ड लावायला आलोय."

त्यानं बोर्ड जीपमधून काढून भिंतीला टेकवला. 'पाणी दूषित. मासेमारीस सक्त मनाई.'

"बंद करनार म्हनला होता साहेब," मंजुळा म्हणाली.

"तेच करतोय."

मंजुळानं मग जे ऐकवलं त्यानं त्या माणसाचे कान लाल झाले. त्याच्या साहेबाचं खानदान, त्याची जीप, ती जीप बनवणारा, कुणी सुटलं नाही. तो निमूटपणे बोर्डाला जागा शोधत फिरला. चिखलात खांब उभा राहीना. शेवटी बोंबलांच्या दोऱ्यांपाशी जमिनीवरून चांगला उंच गेलेला पाइप त्याला दिसला. त्यानं बोर्ड पाइपाला लावला आणि चार इंची खिळा ठोकला.

खिळा आरपार गेला. पाइप तिथून उभा चिरला, आणि बोंबलांचा सगळा माल गुलाबी झाला.