विज्ञानाच्या बाईंची खुर्ची

मी शिक्षक-खोलीत खिडकीजवळ असायची ती खुर्ची बोलतेय. चाकांची, निळ्या कापडाची. कारखान्यातून आले ती थेट मुख्याध्यापकांच्या दालनात. एक हात खिळखिळा झाला तशी शिक्षक-खोलीत ढकलली गेले. विज्ञानाच्या बाईंनी मला ताब्यात घेतलं आणि मग माझ्यावर टेकायची दुसऱ्या कुणाची छाती झाली नाही.

त्या मुलीला हे कुणी सांगितलं नव्हतं. परदेशातून आलेली, शिक्षिका व्हायला शिकणारी. सत्रभर तिनं बाईंच्या हाताखाली शिकवायचं आणि ती पास की नापास ते बाईंनी ठरवायचं. पहिल्याच दिवशी ती चहाचा कप घेऊन माझ्यावर बसली.

"तिथे मी बसते," बाई म्हणाल्या.

ती अशी ताडकन उठली की अर्धा चहा माझ्या अंगावर. डाग अजून आहे. तेव्हाच ती माझ्या डोक्यात गेली.

सगळ्यांनी तिचं नाव 'शिकाऊ' ठेवलं. रिकाम्या खुर्च्यांवर त्यांच्या पिशव्या बसत. ती झेरॉक्सच्या मशीनपाशी उभ्यानं डबा खाई. घरून फोन आला की तोंड भरून सांगे, "हो आई, सगळे फार आपुलकीनं वागतात." इतकं खोटं बोलणारी माणसं मला आवडत नाहीत.

तिचा तास बघायला बाई मला ढकलत वर्गात नेत आणि मागच्या भिंतीशी बसत. तयारी तिची चोख असे, पण उच्चार परके. "काय म्हणालात? पुन्हा सांगा," बाई मागून म्हणत. ती पुन्हा सांगे. मुलं तोच शब्द तिच्या सुरात घोळवत. बाई माझ्या पाठीला रेलून हसू दाबत. मजा मलाही येई.

एकदा बर्फ पाण्यावर का तरंगतो, ते चाललं होतं. बाईंनी एकाच वाक्यात तिला तिसऱ्यांदा अडवलं. तिनं खडू खाली ठेवला.

"बाई, माझं बोलणं कळलं नसेल तर तासानंतर विचारा. आत्ता मी शिकवतेय."

बाई माझ्यावरून उठल्या.

"तुमचा शेरा मी लिहिणार आहे. लक्षात आहे ना?"

"आहे. लिहा."

बाई तरातरा निघून गेल्या. मी तिथेच राहिले. तिनं खडू उचलला आणि वाक्य पुरं केलं. मग तिची सर्वांत जास्त नक्कल करणारी मुलगी उठली. "पण मग लोखंडाचं जहाज कसं तरंगतं?" घंटा होईपर्यंत दोघींचं तेच चाललं होतं.

शेरा आला. उद्धट, वर्गावर ताबा नाही, नापास. खाली मुख्याध्यापकांची सही.

त्या दुपारी रिकाम्या वर्गात तिनं फोन लावला. "आई, इथली माणसं वाईट वागली माझ्याशी. नापास झाले... नाही, परत नाही येत. सोमवारपासून दुसऱ्या शाळेत. पहिल्यापासून सगळं." पिशवी उचलून ती गेली. फाटकापर्यंत कुणी सोडायला आलं नाही.

त्या वर्गातून मला परत न्यायला बाईंना कमीपणा वाटला. त्यांनी नवी खुर्ची घेतली. माझा खिळखिळा हात शेवटी तुटला. आता वर्गाच्या या कोपऱ्यात माझ्यावर दप्तरांचा ढीग असतो. यंदा आणखी एक शिकाऊ आलाय, भलत्याच देशातला, आणि शेजारच्या नव्या खुर्चीतून तेच येतं, "पुन्हा सांगा."

तुमच्याकडे असं कुणी आलं तर त्यांना जीव लावा, असं मी म्हणणार नाही. मलाच ते जमलं नाही. त्यांचं वाक्य तेवढं पुरं होऊ द्या.