बाभळीचे आटे

महाराष्ट्र झाला, पंचायत समिती आली, उंद्री गावाले पक्की सडक येनार म्हन्ले, पन आमचा सुतार काही येळेवर आला नाही. पेरनी तोंडावर आली तरी त्याचं आपलं एकच, "उद्या येतो, तानुबाई." त्याची वाट पाह्यली असती तं माहं वावर पडीत राह्यलं असतं. म्हनून मालक गेल्यावर त्याइचं वाकस, पटाशी, कानस मीच हाती घेतली. वखराची दांडी मी बसोते, तिफनीचे फन मी ठोकते. लोक हासले. हासू दे बाप्पा, लोकाइच्या तोंडाले काय झाकन बसोता येते!

तं सांगत होती माह्या गीताच्या लग्नाचं. एकच पोरगी माही. दुसरबीडचं स्थळ आलं, पोरगा चांगला, वैशाखातली तारीख धरली. आमच्यात लग्नाच्या कामाचा मुहूर्त कुरडयाइनं होते. पाच सुवासिनी साच्याले हळद-कुकू लावतात, गव्हाचा गरम चीक त्याच्यात भरतात अन् पह्यली कुरडई पाडतात. ते झाल्याबिगर लग्नाचं दुसरं काम सुरू नाही होत.

माही मोठी जाऊ जनकाबाई एक दिवस दुपारी आली. उंबऱ्यात बसली, पानी पेली, पदर नीट केला. मी समजली, काही तरी वंगाळ सांगाले आली.

"तानू, वाईट नको वाटून घेऊ वं. मुहूर्ताच्या दिवशी तू वसरीत बस. साच्याले, चिकाले हात नको लावू. रांडमुंड बाईचा हात लागू नये. पोरीच्या जल्माचा सवाल हाय."

माह्या अंगाची आग आग झाली. गहू माह्या वावरातला, त्याले पानी मी देल्लं, निसला मी, भिजू घालनार मी. पोरगी माह्या पोटची. अन् हात तेवढा माहा चालत नाही! तोंडात आलं ते बोलली असती तं जनकाबाई चार दिवस झोपली नसती. पन गीता चुलीपाशी उभी होती, तिचं तोंड पाह्यलं अन् गिळलं सगळं.

जनकाबाई गेली अन् माह्या डोक्यात एकच घोकनी सुरू झाली. हाताले बंदी हाय ना? लाकडाले तं नाही? माहा हात नाही चालत तं माहा साचा चालन. पोरीची पह्यली कुरडई माह्या हातच्या साच्यातून पडन. पाह्यतेच मंग कोन काय म्हन्ते.

दुसऱ्या दिवशी जनकाबाईच्या घरी जाऊन सांगतलं, "हाताच्या सोऱ्यानं पिळता पिळता बायाइचे मनगटं जातात. मी मोठा साचा करते, आट्याचा. उभ्या चौकटीचा. तेवढा तं चालन?"

ती हासली. "तू आटे पाडशीन? अवं, आटे कारखान्यात पडतात."

"ते मी पाह्यते काय कराचं ते," म्हन्लं, अन् चालली आली.

चिखलीच्या जिनात मी आट्याचा, म्हन्जे अंगावर पिळाची खाच असलेला, दांडा पाह्यला होता. फिरवला का खाली जाते अन् रुईची गठान दाबते. डोयानं सोपं दिसते. बाभळीचा वाळका दांडा घेतला, मनगटाएवढा जाड. कोळशानं तिरप्या रेघा मारल्या, पटाशी लावली. अर्ध्यातच कळलं का रेघ फिरून येते ते पह्यल्या रेघेले भेटतच नाही. कुठी आटा जाड, कुठी बारीक. गीता वाकून वाकून पाहे.

"माय, आटे हायेत का उंदरानं कुरतडलं?"

"तू जाय अठून! सासरी गेल्यावर दाखव एवढी अक्कल."

दांडा चुलीत गेला. पन सोडून देईन ते तानुबाई कायची! रातभर तेच डोक्यात. सकाळी पोळ्या लाटता लाटता लाटन्याकडे पाह्यत बसली. खुंटीवरची सुतळी काढली अन् लाटन्याले गुंडाळली, वेढ्याले वेढा चिपकून. अन् डोक्यात उजेड पडला. रेघ काढाचीच कायले? सुतळी स्वतःच सरकत जाते वर, अन् सगळी सारखी. दोन सुतळ्या जोडीनं गुंडाळाच्या, एक साधी, एक गेरूत बुडवलेली. गेरूची जठी असन तठी खाच, साधी असन तठी आटा. तव्यावर पोळी जळाली तरी मले भान नव्हतं.

नवा दांडा उखळात उभा ठोकला. बाभळीचाच डिंक लावला, म्हन्जे सुतळी सरकाची नाही. दोन सुतळ्याइचे टोकं खाली बांधले अन् ताणून धरून दांड्याच्या भवती फिराले लागली. एक फेरा, दुसरा फेरा. तिसऱ्या फेऱ्याले मी थबकली. मालक होते तवर दरसाल वडाले असंच सूत गुंडाळत होती मी. ते गेले अन् वडाकडे जानं बंद झालं. कितीक सालानं हातात सूत घेऊन मी कोनाच्या तरी भवती फिरत होती. रडू आलं, खरं सांगते. गीतानं पाह्यलं अन् सुतळीचा गुंडा सोडत राह्यली.

मंग पटाशी अन् हातोडी. बाभूळ म्हन्जे लोखंडाची बहीन, हाताले फोडं आले. कानशीनं घासलं, जवसाचं तेल पाजलं. चौकटीच्या वरच्या पाटाले गिरमिटानं भोक पाडलं अन् त्याच्यात आतून वखराच्या तुटक्या लोखंडी पासेचा तुकडा ठोकला, तो आट्याच्या खाचेत बसला. दांडा फिरवला तं भाऊ, सरसर खाली! परत फिरवला तं सरसर वर! मी टाळ्या वाजोल्या. कोन्या बाजूनं फिरवला तं खाली जाते, हे तवा कोनाच्या ध्यानात येते?

मुहूर्ताच्या दिवशी साचा अंगनात मांडला. दांड्याच्या वरच्या टोकाले फिरवाची मूठ, खालच्या टोकाले चीक दाबाची दट्टी अन् तिच्या खाली पितळी डबा, त्याच्या तळाले भोकं. जनकाबाईसकट पाची सुवासिनी आल्या, साच्याले हळद-कुकू लागलं, हार पडला. मी वसरीत बसली, सांगतल्याप्रमानं. पन मान ताठ होती माही. चीक शिजला, वाफाळता चीक डब्यात भरला. जनकाबाईनं मुठीले हात घातला अन् फिरवली.

दांडा वर आला.

पुन्हा फिरवली. अजून वर. चिकाले टेकलेली दट्टी उचलून आली. पाचीतली सिंधूताई म्हने, "जनकाबाई, उलटी फिरवून पाहा बरं." उलटी फिरवली तं दट्टी बरोबर खाली. अन् जनकाबाईचा हात मुठीवरच थांबला.

मी समजली काय झालं ते. वडाले फिरावं तशी मी दांड्याले फिरली होती, उजव्या अंगानं, खालून वर. दुसऱ्या अंगानं सूत गुंडाळाचं हे माह्या हाताले कधी माहीतच नव्हतं. अन् तसं गुंडाळलं का आटे उलटे पडतात. माहेच पाय, माहीच चूक. आता या दांड्याले सुवासिनीनं देवाच्या प्रदक्षिणेच्या उलट फेरा मारावा तवा कुरडई पडन.

"उलटा फेरा? लग्नाच्या घरात?" जनकाबाईनं हात काढून घेतला. "नाही वं माय. उठवा साचा. सोऱ्या आना घरून."

"पुजलेला साचा उपाशी उठवता?" सिंधूताई म्हने. "तो तं त्याच्याहून मोठा अपशकुन."

पाची जनी एकमेकीच्या तोंडाकडे पाह्यत उभ्या. कोनी हात लावाले तयार नाही, कोनी उठवाले तयार नाही. इकडे चीक थंडा होऊन राह्यला. थंडा झाला का त्याचा गोळा होते, मंग तो ढोराले घालाच्या कामाचा. गीता एका कोपऱ्यात, डोये भरलेले.

मी उठली. वसरीतून खाली उतरली.

"तानू!" जनकाबाई ओरडली.

"थांबा जनकाबाई. उलटा फेरा सुवासिनीले चालत नाही ना? मले कोन्ती बंदी हाय? माहं तं देवानंच उलटं केलं. अपशकुन लागन तं मले लागन. एवढे हायेत माह्याजवळ, त्याच्यात अजून एक."

जनकाबाई बाजूले सरकली. मी मुठीले हात घातला अन् उलटी फिरवली. जोर लागला, फोडं फुटले, पन दट्टी खाली गेली. डब्याच्या तळातून चीक तारेसारखा उतरला. गीता धावत आली अन् खाली ताट धरून ते गरगर फिरवाले लागली. पह्यली कुरडई पडली. गोल, पांढरी, वाफ निघत असलेली. माह्या पोरीच्या लग्नाची पह्यली कुरडई, अन् माह्या हातची. मी तठीच ढसाढसा रडली, पन मूठ नाही सोडली. सगळा चीक संपेपर्यंत दुसऱ्या कोनाले हात लावाची येळच आली नाही.

गीता सुखानं नांदून राह्यली. अपशकुन कुठी गेला कोनास ठाऊक.

आता गावात कोनाच्याही घरी लग्न निघालं का साचा मांगाले येतात, कारन घंगाळभर चीक घडीभरात उतरते. अन् साचा नेला का मलेही न्या लागते, उलटा फेरा माराले दुसरं कोनी तयार नाही. मागच्या साली जनकाबाईच्या पोरीचं लग्न झालं. जनकाबाई स्वतः आली बलवाले. उंबऱ्यात बसली, पानी पेली.

परवा शेजारचा जानराव म्हने, "तानुबाई, तुमी एवढ्या हुशार, दुसरा दांडा काऊन नाही करत? सूत दुसऱ्या अंगानं गुंडाळलं का झालं."

मले मालूम नाही का? बाभळीचा दांडा घरात वाळून पडला हाय, सुतळी हाय, गेरू हाय, पटाशीले धार हाय. दोन दिवसाचं काम. पन मी नाही करत. ज्या दिवशी आटे सुलटे होतीन, त्या दिवशी मले पुन्हा वसरीत बसवतीन.