आधी घर घ्या, मग दार फोडा

धायरीच्या त्या फ्लॅटमध्ये कॅलेंडर लावायला खिळा लागत नसे, हे मी पैजेवर सांगतो. भिंतीला नुसतं टेकवायचं, ओल त्याला वर्षभर धरून ठेवायची. जमिनीला उतार असा, की माझ्यासमोर ठेवलेला चहाचा कप बोलता बोलता खिडकीशी जाऊन पोचला. मी उठून तिकडे गेलो आणि उभ्यानेच प्यायलो.

पण हे पाहायच्या आधीच मी शब्द देऊन बसलो होतो. घर विकणारा श्रीनिवास पेढे घेऊन नारायण पेठेत आमच्याकडे आला होता. "काका, वारा असा की पंखा लागत नाही," म्हणाला. तोंडात पेढा असताना मला नाही म्हणता येत नाही. खरेदीखत उद्यावर आलं, तेव्हा मंदाकिनी, म्हणजे आमची मंडळी, म्हणाली, "निदान बघून तरी येऊ. उरलेला जन्म काढायचाय तिथे."

बघितलं. आतल्या खोलीत धीर करून म्हटलं, "श्रीनिवास, मला वाटतं आपण जरा..."

"दार बघा काका!" त्याने बोलूच दिलं नाही. "अस्सल सागवान. कसं गच्च बसतं बघा." आणि त्याने ते आतून धाडकन लावलं.

बसलं. असं बसलं, की उघडायला ओढलं तर मूठ त्याच्या हातात आली.

"अडकलं का रे?"

"छे! नवीन आहे. हात बसायला वेळ लागतो."

खिडकीला गज, खाली मोकळं रान. मी हाका मारल्या. एका म्हशीने वर पाहिलं, आणि मग तिच्या मालकाने. "काय हाय ओ?" तो ओरडला.

मी तोंड उघडायच्या आत श्रीनिवास गजांना चिकटला. "काही नाही, काही नाही! घर बघतोय!"

"बघा की मग निवांत," म्हणून तो म्हशीमागे निघून गेला.

वारा नावालाही नव्हता. खोली एवढीशी, की तिघांनी एकदम श्वास सोडला की भिंती मागे सरायच्या आणि घेतला की पुन्हा अंगावर यायच्या. शेवटी मी म्हटलं, "आता लाथच मारतो."

"परक्याच्या दाराला?" श्रीनिवास गंभीरपणे म्हणाला. "घर घेतलं म्हणा, काका, की दार तुमचं. मग लाथ मारा नाहीतर करवत लावा."

"आणि नाही घेतलं तर?"

"तर माझ्या दाराला काहीही झालेलं नाही."

म्हणजे हो म्हटलं तर जन्मभर आत, आणि नाही म्हटलं तरी आतच. घाम त्यालाही फुटला होता. पण दार अडकलंय असं कबूल केलं की सौदा मोडणार, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. तो छताकडे बघत बसला. मी त्याच्याकडे.

"बरं," मंदाकिनी म्हणाली. "घेतलं घर."

"अगं!" मी किंचाळलो.

"वा काकू!" श्रीनिवास फुलला.

"खोली आमची ना आता?"

"अगदी तुमचीच."

"मग आपण निघा. मला जरा पडायचंय."

"निघतो की. पण ते दार..."

"दारातूनच जायचं. नवीन आहे, ओढा."

त्याने फटीत बोटं घातली. चौकटीला पाय लावला. नखं तुटली, शर्ट भिजला, आणि सागवान ढिम्म. ती पदराने वारा घेत उभी. "निघताय ना? परक्या माणसासमोर मला झोप येत नाही."

तो मटकन खाली बसला. "नाही उघडत हो, काकू. अडकलंय."

"आणि?"

"आणि भिंत खचलीय. बायको सबंध सकाळ या खोलीत अडकली होती. माहेरी गेली ती आलीच नाही. म्हणून तर विकतोय."

"मग आम्ही नाही घेत. यांनी दिलेला शब्द मी परत घेतला."

श्रीनिवास उठला. मागे सरून त्याने अशी लाथ हाणली, की धायरीतली कुत्री एकदम भुंकली. दार उघडलं नाहीच. चौकटीसकट अख्खी भिंत बाहेरच्या खोलीत आडवी झाली, आणि दार तिच्यात तसंच गच्च बंद. आम्ही त्याच्यावरून चालत जिन्याशी आलो.

"काका," तो मागून म्हणाला, "दुसरं कुणी गिऱ्हाईक असेल तर सांगाल?"

मी हो म्हणणारच होतो. मंदाकिनीने माझं कोपर धरलं आणि वळून त्याला म्हणाली, "गिऱ्हाईक राहू द्या. आधी बायकोला घेऊन या. अडकायला आता भिंत राहिलेली नाही."