भुरीवरचा पहारा

भुरी खात नाही, हे ठकुबाईच्या नंतर ध्यानात आलं. आधी ध्यानात आलं ते हे, की ती अंग चाटत नाही. एरवी ही मांजरी म्हणजे सणाला निघालेली नवी नवरी. भाताच्या कणगीवर बसायचं, पंजा ओला करायचा, कानामागून फिरवायचा, मग शेपटीचं टोक तेवढं पुन्हा एकदा. आता तिच्या पाठीवरचे केस छपरातून निसटलेल्या गवतासारखे उभे होते आणि तिला त्याची लाज वाटत नव्हती.

ठकुबाई तिच्यापुढं ताटली सरकवून बघत राहिली. भुरी ताटलीपाशी आली, दुधाचा वास घेतला, मान वळवली आणि चुलीमागं जाऊन पोटाखाली चारी पाय घेऊन बसली. हनुवटीखालची जमीन लाळेनं ओली झाली. तेवढ्यात कणगीच्या बुडाशी खुडबूड झाली. भुरीचा कानसुद्धा हलला नाही.



वेल्ह्याच्या अलीकडं, तोरण्याच्या पायथ्याला तिचं घर. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती, लेक नांदायला लांब. घरात एक म्हैस, वर्षाचं भात आणि भुरी. जर्मनची लढाई चालू होती, रॉकेल मिळत नव्हतं, त्यामुळं अंधार पडला की जेवायचं आणि आडवं व्हायचं. ठकुबाई आडवी झाली की भुरी पायाशी यायची आणि खरखरीत जिभेनं तिच्या टाचा चाटायची. ठकुबाईला गुदगुल्या व्हायच्या. "सोड गं," म्हणायची, पण पाय काही ओढून घ्यायची नाही.

म्हशीचं रेडकू आजारलं तर काय बघायचं, हे तिला ठाऊक होतं. तेच तिनं भुरीवर केलं. मानेवरची कातडी चिमटीत धरून सोडली. ती झटकन खाली बसायला हवी होती, ती तशीच उभी राहिली, वाळत घातलेल्या फडक्याच्या चुणीसारखी. डोळ्यांच्या कोपऱ्यातून पांढरा पडदा अर्धा पुढं आला होता. कान गार. दुखतंय म्हणून रुसलेलं मांजर आणि जायला निघालेलं मांजर यात फरक असतो. भुरी निघाली होती.

आळीतला रखमाजी महिन्यापूर्वी बैल घेऊन भोरला गुरांच्या दवाखान्यात जाऊन आला होता. ठकुबाईनं त्याला अंगणात गाठलं.

"भावजी, त्यो डागदर मांजराला बगतो का हो?"

रखमाजीनं तंबाखू मळायची थांबवली. "वैनी, नसरापूर, कापूरहोळ करून भोर गाठायचं. माजा बैल हुता म्हून म्या गेलो. आवशीद भायेरून आनाय लावलं, त्याला पैकं गेलं त्ये येगळंच. तुमी पाटीत मांजर घिऊन गेलासा, तर त्यो आदी तुमालाच तपाशील."

"म्हंजी न्हाईच बगत."

"बगंलबी. पर तुमच्याकडं हाय काय द्याला?"

काही नव्हतं. भात विकेपर्यंत घरात रोकड दिसणार नव्हती, आणि भुरी तोवर थांबणार नव्हती. रखमाजीनं तंबाखू दाढेत धरली आणि जाता जाता सहज म्हणाला, "कुनी काय खायाला घातलं न्हाई न्हवं?"

तो सहज म्हणाला. ठकुबाईनं मात्र ते घरी आणलं.

घराच्या भिंतीला भिंत लागून सखूबाईचं घर. दिवाळीच्या सुमाराला भुरीनं तिच्या आढ्याला टांगलेले सुके बोंबील ओढून नेले होते, एक नाही, सगळी माळच. सखूबाई तेव्हा चारचौघींत म्हणाली होती, "हिच्या तोंडाची अशी खोड मोडीन, की पुन्यांदा कुटं तोंड घालायची न्हाई." तेव्हा ठकुबाईसुद्धा हसली होती. आता ते शब्द तिला नीट आठवले, एकेक.

संध्याकाळी सखूबाई परड्यातून म्हणाली, "आक्का, भुरी बरी हाय न्हवं?"

"का? तिला काय झालंय?"

"न्हाई, दिसंना म्हून इचारलं."

आजवर कधी विचारलं होतं हिनं? मांजर आजारी आहे हे ठकुबाईनं रखमाजीशिवाय कुणाला सांगितलं नव्हतं. आणि सखूबाईच्या परड्यात एक मातीचं पसरट परळ पालथं घातलेलं होतं. कालपर्यंत ते उताणं असायचं. का पालथं घातलं?

ठकुबाईनं पहारा बसवला. भुरीला बाहेर सोडायची नाही. खिडकीच्या गजांना गोणपाट बांधलं. दूध आधी स्वतः चाखायची, मग ताटलीत ओतायची. अर्धवट भरलेला हंडासुद्धा झाकून ठेवला. रात्री दाराला आतून आडणा, आणि भुरीला चुलीमागून उचलून थेट स्वतःच्या गोधडीवर, पायाशी.

त्या दिवसांत काढणी आटोपून तिच्या टाचांना भेगा पडल्या होत्या. दरवर्षीचंच ते. बिब्ब्यात सुई खुपसायची, चुलीच्या विस्तवावर धरायचा, काळं तेल सुटलं की भेगेत सोडायचं. जीव कासावीस व्हायचा, मग वर लोण्याचा हात फिरवला की निवायचं. हे सगळं उरकून ती भुरीजवळ पाय पसरायची आणि म्हणायची, "आता कोन येतंय बगू."

कुणी आलं नाही. पण सकाळी भुरी आणखी खंगलेली असायची. पहाऱ्यात असून खंगते, म्हणजे विष आधीच आत गेलेलं आहे, असा ठकुबाईनं हिशोब मांडला. त्यात तिला कुठं फट दिसेना.

पुढल्या सकाळी भुरी पाण्याच्या ताटलीवर तोंड धरून नुसती बसली. प्यायचंय आणि पिता येत नाही, अशी. ठकुबाई हंडा घेऊन पाणवठ्यावर गेली. सखूबाई तिथंच होती, आणखी तिघी-चौघीही. ठकुबाईनं हंडा खाली ठेवला.

"सखे, बोंबलापायी एवडं करायचं व्हतं व्हय? मागितलं असतंस तर म्या भरून दिलं असतं."

"काय केलं म्या?"

"मुक्या जनावराच्या तोंडात इख."

 एकीनं घागर बुडवली होती, ती तशीच धरून उभी राहिली.  सखूबाईनं भरलेली घागर काठावर ठेवली आणि ओल्या लुगड्यानं चालायला लागली, स्वतःच्या घराकडं नाही, ठकुबाईच्या. ठकुबाई मागोमाग. पहारा मोडायला ही आत शिरणार, म्हणून घाईघाईनं.

सखूबाईनं चुलीमागून भुरीला ओढून उजेडात आणलं, मांडीत दाबलं आणि दोन बोटांनी तिचा ओठ वर केला. ठकुबाई इतके दिवस विष विष करत होती, पण तोंड उघडून बघायचं तिला सुचलं नव्हतं. ओठाची कड काळी पडली होती. आत फोड, काही फुटलेले, जिभेचं टोक सोललेलं.

सखूबाईनं झटकन हात काढला आणि पदराला खसाखसा पुसला.

"ह्यो बिब्बा उतलाय, आक्का."

"मंग तूच घातलास त्यो बिब्बा."

"म्या?" सखूबाई तिच्याकडं बघत राहिली. "म्या बिब्बा हातात धरीन?"

आणि ठकुबाईला आठवलं. लग्न होऊन आली त्या वर्षी सखूबाईनं कीड लागू नये म्हणून भातात टाकलेला बिब्बा नुसता वेचून बाहेर टाकला होता, तर तिचं तोंड भोपळ्यासारखं सुजलं होतं, डोळे दिसेनात. तिच्या तोंडाला खोबरं वाटून कुणी लावलं होतं? ठकुबाईनंच. असेच फोड होते, अशीच काळी कड. तेव्हापासून त्या घरात बिब्बा नव्हता, हे आळीतल्या शेंबड्या पोराला माहीत.

सखूबाई खाली बघत होती. ठकुबाईच्या पायांकडं. भेगांमध्ये काळं होतं, पण भोवतीची टाच लख्ख होती. लोण्याचा मागमूस नव्हता.

"लोनी कोन पुसतं रोज?" सखूबाईनं विचारलं.

ठकुबाईनं खाली बसून पाय लुगड्याखाली ओढून घेतले. दूध सोडलेली भुरी सवयीनं टाचा मात्र चाटत होती, आणि दारं लावून, आडणा घालून, रोज रात्री त्या पुढं करत होती ती स्वतःच.

"रडाया मागनं बस," सखूबाई म्हणाली. "खोबरं हाय का घरात? वाट. त्येचं दूध काड."

कापसाच्या वातीनं नारळाचं दूध भुरीच्या ओठाच्या कडेनं थेंब थेंब सोडलं. निम्मं बाहेर आलं. सखूबाईनं हाताला फडकं गुंडाळलं होतं, तरी तिच्या मनगटावर पुरळ उठायला लागलं होतं. मग तिनं भुरीला पाटीत घातलं.

"माज्याकडं ऱ्हाईल ही. हितं न्हाई."

ठकुबाईला हे लागलं. पण कुठल्या तोंडानं बोलणार? तिनं नुसतं विचारलं, "आजारी हाय त्ये तुला कसं कळलं गं?"

"उंदीर तुज्याच भितीला हायेत व्हय? भुरी फिरंना तवा माज्या परळातली पेज खायाला लागले, म्हून पालतं घातलं."

संध्याकाळी ठकुबाईनं राखेनं पाय घासून कढत पाण्यानं धुतले आणि सखूबाईच्या दारात उभी राहिली. भुरीची कातडी चिमटीत धरली. ती हळूहळू का होईना, खाली बसली. दुसऱ्या दिवशी पांढरा पडदा मागं सरला. तिसऱ्या दिवशी भुरीनं गार पेजेत जीभ घातली, दुखली म्हणून मागं झाली आणि पुन्हा घातली. पाणवठ्यावर ठकुबाई सगळ्यांदेखत म्हणाली, "बिब्बा माजाच व्हता गं." सखूबाई म्हणाली, "कळलं. पानी भर, रांग खोळंबलीय."

बिब्बा बंद झाला. भेगांना ठकुबाई तेलात बुडवलेली चिंधी बांधून लंगडत हिंडू लागली. भुरी मात्र घरी यायला तयार होईना. मधल्या भिंतीवर बसायची, खुशाल सखूबाईच्या बाजूला शेपूट सोडून. ही इतकी का रमली तिकडं? ठकुबाईच्या मनात पुन्हा काहीबाही यायला लागलं.

एका संध्याकाळी भुरी आपण होऊन आली. चिंधी बांधलेली टाच हुंगली, नाक मुरडलं आणि उडी मारून कणगीवर बसली. पंजा ओला केला, कानामागून फिरवला, मग शेपटीचं टोक. ठकुबाईनं तिला खाली ओढून मांडीत घेतलं, ओठ वर करून बघितलं. फोड सुकले होते.

तोंडाला भाजलेल्या बोंबलाचा वास येत होता.